सारवण ओलं असताना: गुडघ्याच्या एका शस्त्रक्रियेनंतरचे दहा महिने

रुग्ण बाई, वय ३४, वजन ४७ किलो. घरची साडेतीन एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या वावरात मजुरी. उजव्या गुडघ्यात, मांडीच्या हाडाच्या आतल्या टोकावरच्या कूर्चेला सुमारे दीड चौरस सेंटिमीटरचा खड्डा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुर्बिणीतून मायक्रोफ्रॅक्चर, म्हणजे तो खड्डा भरून यावा म्हणून केलेली शस्त्रक्रिया.

पहिल्या दिवशी माझ्या केसपेपरवर एवढं सगळं होतं. एक गोष्ट तेवढी नव्हती, आणि हे प्रकरण लिहायला घेतलं ते तिच्यामुळेच. तुमची पेरणी कधी, हे मी विचारलंच नव्हतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गुडघ्याचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

नस चढली, मग एमआरआय

दुखणं सुरू झालं नोव्हेंबरात. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन ताई धुरा, म्हणजे शेताचा बांध, उतरत होत्या. काळ्या मातीला तेव्हा भेगा पडलेल्या असतात. उजवी टाच भेगेत अडकली, अंग वळलं आणि गुडघा तिथंच राहिला. कट् असा आवाज आला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगला.

गावानं निदान केलं: नस चढली. तीन आठवडे तिळाच्या तेलाची मालिश झाली. मग एका दवाखान्यात सुई घेतली, दहा दिवस बरं वाटलं आणि त्या दहा दिवसांत शेवटचा कापूस वेचून झाला. पुन्हा सूज आली. एक्स-रे काढला तर "काहीच नाही". लोक इथंच फसतात. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, कूर्चा दिसत नाही. हाडांवरचा थर उखडला असला तरी फोटो स्वच्छ येऊ शकतो. चालताना गुडघा मध्येच अडकतो, पाय दगा देतो, काम केलं की सूज येते आणि बसलं की उतरते, असं महिनाभर चाललं असेल तर फोटो चांगला आला म्हणून घरी बसू नये. यांचा एमआरआय यवतमाळला फेब्रुवारीत झाला.

आपल्याकडे गुडघ्यातल्या सगळ्याच मऊ गोष्टींना 'गादी' म्हणतात, म्हणून थोडं सांगते. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या असतात, ती खरी गादी. कूर्चा वेगळी. ती हाडांच्या टोकांवर चिकटलेली पांढरी, गुळगुळीत साय. मांडीच्या हाडावर तिची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिनी नाही आणि वेदना कळवणारी नसही नाही. रक्त नाही म्हणजे जखम भरून काढणारं सामान तिथं पोचतच नाही. कूर्चा एकदा गेली की परत येत नाही, हे लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं. गुडघ्यातलं पाणी हेच तिचं अन्न. पाय हलला, दाब पडला आणि सुटला, की ते पाणी स्पंजात शिरावं तसं आत-बाहेर होतं.

मायक्रोफ्रॅक्चरमध्ये सर्जन खड्ड्याचा तळ खरवडून साफ करतात आणि उघड्या हाडाला टोच्यानं ३-४ मिलिमीटर अंतरावर बारीक भोकं पाडतात. हाडाच्या मगजातून रक्त वर येतं, त्याची गुठळी खड्ड्यात बसते आणि महिनोन्महिने हळूहळू तिची भरताड होते. मूळ कूर्चा तयार होत नाही. तिच्यासारखी दिसणारी, जरा राठ, तंतुमय कूर्चा तयार होते. लहान खड्डा आणि चाळिशीच्या आतलं वय असेल तर ती चांगलं काम देते, पण काही वर्षांनी ती झिजू शकते. हे रुग्णाला आधी सांगायला हवं. ताईंना कोणी सांगितलं नव्हतं, शेवटी मीच सांगितलं.

ही पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेतले सर्जन रिचर्ड स्टेडमन यांनी सुरू केली आणि पुढे कोलोरॅडो राज्यात, व्हेल नावाच्या बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या गावी रुजवली. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरचं वेळापत्रक खेळाडूला डोळ्यासमोर ठेवून बेतलेलं आहे: इतक्या आठवड्यांनी सायकल, इतक्या महिन्यांनी पळणं, मग मैदान. ताईंना मी दिलेल्या व्यायामाच्या कागदावरही चड्डी घातलेला, पिळदार पोटऱ्यांचा एक गोरा माणूस मोठ्या चेंडूवर बसलेला होता. कागद हातात धरून त्यांनी विचारलं, "मॅडम, हा बुवा कोन हाय?"

सहा-बावन्न

शस्त्रक्रिया नागपुरातल्या एका रुग्णालयात झाली. काम चांगलं झालं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सुटीच्या कार्डाबद्दल. त्यावर इंग्रजीत एक ओळ होती: 'एनडब्ल्यूबी, ६/५२'. म्हणजे सहा आठवडे पायावर अजिबात भार द्यायचा नाही. वर्षाचे आठवडे बावन्न, त्यातले सहा, अशी डॉक्टरांची लिहिण्याची रीत. ताईंच्या नवऱ्याला ते गोळीचं नाव वाटलं. त्यांनी दोन मेडिकलांत विचारलं. मला म्हणाले, "सहा-बावन्न कुठंच भेटून नाई रायली, मॅडम."

त्या माझ्याकडे आल्या नवव्या दिवशी, एका हातात बांबूची काठी आणि दुसरा हात नवऱ्याच्या खांद्यावर. ऑपरेशनचा पाय त्या टेकवत होत्या, पण गुडघा मात्र काठीसारखा ताठ. "हलवला तं टाके तुटतीन," असं शेजारणीनं सांगितलेलं. म्हणजे भार द्यायचा नव्हता तो दिला होता, आणि हलवायचा होता तो गुडघा नऊ दिवस बांधून ठेवला होता. गुडघा जेमतेम ५५ अंश वाकत होता, वाटीच्या दोन्ही बाजूंनी पाणी होतं आणि मांडीचा पुढचा स्नायू तर झोपलाच होता. गुडघ्यात सूज असली की मेंदू हा स्नायू बंद ठेवतो. पाय उचला म्हटलं की त्या हातानं उचलून दाखवत.

त्यांचा एक प्रश्न रास्त होता: "आमच्या काकूच्या दोन्ही वाट्या बदलल्या, तं तिले दुसऱ्या दिवशी चालवलं. माहं एवढुसं ऑपरेशन, मले काहून नाई?"

सांधा बदलला की धातू आणि प्लास्टिक पहिल्या दिवसापासून पक्कं असतं, म्हणून लगेच चालवतात. इथं आत ओली गुठळी आहे. हे मी माझ्या भाषेत दोनदा सांगितलं. त्या मान हलवत होत्या, पण डोळ्यांवरून कळत होतं की पोचलं नाही. मग मी विचारलं, "घरी सारवता ना?"

"हाव, मागची खोली अन् आंगन."

"सारवणाचा पोपडा निघाला तर?"

"खरवडतो, पानी मारतो, नवीन लावतो."

"आणि त्या ओल्या सारवणावर कोणी पाय दिला तर?"

त्या काही बोलल्या नाहीत. दुखऱ्या पायाची टाच त्यांनी हळूच जमिनीवरून वर घेतली. मग म्हणाल्या, "पन मॅडम, हात तं फिरवाच लागते त्याच्यावर. नाई तं खडबडीत रायते."

मी इतकी वर्षं रुग्णांना जे समजावत आले ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. भार नको, पण हालचाल हवी, आणि भरपूर हवी. मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी पाय आपोआप हलवणारं यंत्र असतं, त्यावर दिवसाचे सहा-आठ तास पाय ठेवतात. यंत्र नसेल तर दिवसातून तीन वेळा प्रत्येकी पाचशे वेळा गुडघा हलवावा, हा पर्याय स्टेडमन यांच्याच पद्धतीत आहे. ताईंनी ओट्याच्या काठावर बसून पाय खाली सोडायचे, चांगल्या पायाच्या घोट्यावर दुखरा पाय ठेवायचा आणि झोक्यासारखे पुढे-मागे करायचे, असं ठरलं.

पाचशे मोजायचे कसे, हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. त्यांची तुळशीची माळ १०८ मण्यांची. पाच माळा म्हणजे ५४०. "वरचे चाळीस देवाचे," असं म्हणून त्या स्वतः शेजारी बसून मणी ओढत. दिवसाला पंधरा माळा. तिसऱ्या आठवड्यात गुडघा ९० अंश वाकला, पाचव्यात ११५. त्यासोबत गुडघ्याखाली गुंडाळलेला पंचा ठेवून तो दाबायचा आणि दहा आकडे मोजायचे, हा मांडीचा व्यायाम. बाराव्या दिवशी त्यांचा पाय हाताविना बाजेवरून चार बोटं उचलला गेला.

घरातले अडथळे

संडास परसात, घरापासून पंचवीस पावलांवर, आणि बसायचा. एका पायावर उकिडवं बसता येत नाही. प्लास्टिकच्या जुन्या खुर्चीच्या बैठकीला नवऱ्यानं भोक पाडलं आणि ती भांड्यावर ठेवली. परसात विटा टाकून वाट केली, कारण कुबडीचं रबर सारवलेल्या ओल्या जमिनीवर घसरतं आणि काळ्या चिखलात रुततं. रुग्णालयातून दिलेल्या कुबड्या चार बोटं उंच होत्या, काखेत टोचत. कुबडी काखेत टेकवायची नसते, काख आणि कुबडी यांत दोन-तीन बोटं जागा हवी आणि वजन तळहातावर.

एसटीची पायरी हा वेगळाच धडा. महिलांना निम्मं भाडं झाल्यापासून बाया तपासणीला जास्त येतात असा माझा अनुभव आहे, पण त्या पायरीची उंची काही निम्मी झालेली नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आम्ही दवाखान्याच्या ओट्यावर वीस वेळा सराव केला.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२. दुरुस्तीचं सामान रक्तातूनच जाणार असेल तर हे चालणार नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी अंडी, भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे सांगितले. अंडी मुलांना जात होती हे मला नंतर कळलं.

टोबणी

सहा आठवडे पूर्ण झाले सहा जूनला. नागपूरच्या सर्जननी फोनवर थोडा थोडा भार सुरू करायला सांगितलं. ताईंच्या घराजवळ किराणा दुकानात पोती तोलायचा काटा आहे. त्यावर उजवा पाय ठेवून, कुबड्यांवर रेलून, काटा १२ दाखवेपर्यंत दाबायचं आणि पायाला ती सवय लावायची. वजनाच्या पाव हिस्सा. पुढच्या आठवड्यात २४. 'हलका भार' म्हटलं तर कोणालाच काही कळत नाही, किलोत सांगितलं की कळतं.

सातव्या आठवड्यात मृगाचा दमदार पाऊस झाला.

गावात सगळ्यांचीच टोबणी, म्हणजे हातानं बी लावणं, एका वेळी निघाली. मजूर मिळेना. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, थांबत नाही. ताई वावरात गेल्या. बसून काही करणार नाही असं नवऱ्याला सांगून गेल्या आणि तो शब्द त्यांनी पाळला. दोन दिवस त्या उभ्याच होत्या. आखलेल्या रेघांच्या चौफुलीवर वाकून बी टाकायचं आणि पायानं माती लोटायची. कोणत्या पायानं?

"उजव्यानं," त्या म्हणाल्या. "डाव्या पायानं सवयच नाई."

जरा वाकलेला गुडघा, त्यावर भार, आणि त्यातच पायाला मुरड. नव्या भरताडीला सगळ्यात घातक ठरते ती हीच रगड. तिसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा वाटीवरून घेतलेला घेर डाव्या गुडघ्यापेक्षा ३ सेंटिमीटर जास्त होता. त्या खाली पाहून म्हणाल्या, "दोनच दिवसाचं तं काम व्हतं."

मी रागावले. पहिलं वाक्य तोंडातून गेल्यावर लक्षात आलं की चूक त्यांची कमी आणि माझी जास्त आहे. एप्रिलच्या शेवटी शस्त्रक्रिया झालेल्या शेतकरी बाईचा भार देण्याचा पहिला आठवडा बरोबर मृगावर येतो, हे बोटं मोजूनही कळलं असतं. मी गुडघ्याचे आठवडे मोजले, नक्षत्रं मोजली नाहीत. आधी बोलणं झालं असतं तर टोबणीपुरती इर्जिक करून शेजाऱ्यांना बोलावता आलं असतं, किंवा बी निवडून देणं, डबा पोचवणं अशी कामं त्यांच्याकडे ठेवता आली असती. फारच निकड असती तर निदान डाव्या पायानं माती लोटायचा सराव तरी घेतला असता.

दहा दिवस पुन्हा कुबड्या. गावात बर्फ मिळत नाही, म्हणून माठातल्या पाण्यात भिजवलेला पंचा पंधरा मिनिटं, दिवसातून चार वेळा, पाय उशीवर उंच ठेवून. माळा पुन्हा सुरू. पोटरी दुखते का, गरम लागते का, हे मी रोज फोनवर विचारत होते, कारण पाय पडून राहिला की शिरेत गुठळी होण्याची भीती असते. ताप नव्हता, गुडघा अडकत नव्हता. दहाव्या दिवशी घेराचा फरक १ सेंटिमीटरवर आला. काटा पुन्हा बारापासून. पूर्ण ४७ किलो त्या पायावर यायला अकरावा आठवडा संपला.

या प्रसंगानंतर मी त्यांना एक साधा दोरा दिला. सूज नसताना तो गुडघ्याभोवती बांधला आणि दोन टोकं जिथं भेटली तिथं गाठी मारल्या. रोज सकाळी उठल्या उठल्या दोरा लावायचा. गाठी भेटल्या तर कालचं काम गुडघ्याला मानवलं. बोटभर अंतर राहिलं तर आज निम्मंच काम. दोन बोटं राहिली तर घरी बसून मला फोन. काम करताना दुखतं का यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं, हे जास्त खरं. कूर्चेला स्वतःची वेदना नसल्यामुळे ती वेळेवर ओरडत नाही; तिच्या वतीनं सूज बोलते.

कोणतं काम किती अंशांचं

जुलैत मी सर्जनना फोन करून एकच प्रश्न विचारला: खड्डा गुडघ्याच्या कोणत्या वाकात समोरच्या हाडाला टेकतो? त्यांनी शस्त्रक्रियेचे फोटो पाहून सांगितलं, साधारण ३० ते ६० अंशांत. ही माहिती सुटीच्या कार्डावर असायला हवी, इतकी ती मोलाची आहे. खड्डा वाटीच्या मागे असता तर सगळं गणित उलटं झालं असतं: सरळ पायावर भार लवकर दिला असता आणि वाकवण्यावर बंधन आलं असतं. म्हणून एकाचं वेळापत्रक दुसऱ्यानं उचलू नये. नुसती कूर्चा घासून साफ केलेला माणूस आठवड्याभरात फिरतो. दुसऱ्या जागेची कूर्चा हाडासकट काढून बसवलेली असेल किंवा पेशी वाढवून लावलेल्या असतील तर बाई वर्षभर जपून असते. आपल्या ऑपरेशनचं नाव कागदावर लिहून घ्यावं, 'गादीचं ऑपरेशन' एवढ्यावर भागत नाही.

मग आम्ही दोघींनी बसून शेतातली कामं त्या अंशांवर मांडली. सपाट वाटेवर चालताना भार असतो तेव्हा गुडघा वीस अंशांच्या आसपासच वाकतो, त्यामुळे चालणं आधी. कापूस वेचणी उभ्यानं आणि कंबरेतून वाकून होते, गुडघा जवळपास सरळ; कंबर दुखेल, पण गुडघ्याला चालेल. सोयाबीनची सोंगणी विळा घेऊन अर्धवट बसून सरकत करतात, ती बरोबर तीस ते साठमध्ये, शिवाय मुरड. ती यंदा नाही. निंदण सगळ्यात वाईट. नुसतं उकिडवं बसणं एकवेळ जमेल, पण निंदताना बाई दर दोन हातांवर उठते-सरकते-बसते, आणि प्रत्येक वेळी भार घेऊन त्या खड्ड्यावरून जाते. अशी किती वेळा जाते ते ताईंनीच मोजलं, जावेला निंदताना पाहून. एका तासाला सत्तरच्या वर.

ऑगस्टपर्यंत त्यांना निंदणाला पाठवायचं नाही हे ठरलं होतं. सायकल मात्र सुरू केली. मुलीला शाळेकडून मिळालेली सायकल स्टँडवर लावायची, सीट उंच करायची आणि मागचं चाक हवेत फिरवत राहायचं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, महिनाभरानं अर्धा तास. दाराशी सायकल चालवून कुठंच न जाणारी बाई बघायला सुरुवातीला पोरं जमत. भिंतीला पाठ लावून थोडंसंच खाली घसरायचं, खुर्चीवरून हात न लावता उठायचं, पायरी चढायची, एका पायावर उभं राहून भांडी पुसायची, असं हळूहळू वाढवत नेलं. वाटीच्या दहा सेंटिमीटर वर मांडीचा घेर शिंप्याच्या टेपनं मोजत होते. मेमध्ये डाव्यापेक्षा ३.५ सेंटिमीटर कमी, पोळ्याला २, दिवाळीला १.

सप्टेंबरच्या शेवटी निंदण पुन्हा निघालं तेव्हा त्या ऐकेनात. मग तोडगा त्यांनीच काढला: रंगाची रिकामी बादली. उलटी घालायची, तिच्यावर बसून हातापुरतं निंदायचं, उठताना बादलीच्या कडेवर हात टेकायचा, चालत दोन पावलं जायचं, पुन्हा बादली. गुडघा ९० अंशांत स्थिर, भार बैठकीवर. बाया हसल्या. "पाटलीन आली वो, खुर्ची घेऊन!" मजुरीच्या रांगेत मात्र हे चाललं नाही. ज्याचं वावर त्यानं दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं, कारण त्या ओळीत मागे पडत होत्या. घरच्या वावरातच बादली चालली. मजुरी बुडाली ती बुडालीच, आणि हा हिशेब कोणत्याही पुस्तकातल्या 'पूर्ववत हालचाली'त धरलेला नसतो.

ओटी

कापूस फुटला. वावरात सीतादही झालं, दहीभाताचा नैवेद्य झाला आणि शस्त्रक्रियेनंतर सहाव्या महिन्यात ताईंनी ओटी, म्हणजे वेचलेला कापूस टाकायची कमरेची झोळी, बांधली. आमचा करार किलोत होता. ओटीत तीन किलो झाले की रिकामी करायची. एरवी त्या सात-आठ किलो होईपर्यंत थांबत नसत. गाठोडं डोक्यावर घेऊन धुरा उतरायचा नाही, ते नवऱ्यानं आणायचं. सकाळी दोन तास, मग घरी. पहिल्या दिवशी ११ किलो वेचला. दोऱ्याच्या गाठी सकाळी भेटल्या. आठवड्यानं तीन तास. एकदा बोटभर अंतर पडलं, त्या दिवशी ओलीमुळे वाट घसरडी होती. डिसेंबरात पूर्ण दिवस, ओटी पाच किलोंपर्यंत, ३७ किलो. दुखण्याआधी त्या पंचेचाळीसच्या आसपास वेचत.

त्या महिन्यात माझ्याकडे तपासणीला आल्या तेव्हा गुडघा १३५ अंश वाकत होता. उजव्या एका पायावर खुर्चीतून दहा वेळा उठल्या, डाव्यावर चौदा वेळा. मांडीचा फरक एक सेंटिमीटरच्या आत. मांडी घालून पंगतीत बसता येत होतं, उठताना हात लागत होता.

आता या प्रकारच्या रुग्णांना, निकड नसेल तर, मी तारखेचं उघड सांगते. ऑपरेशन शेवटच्या वेचणीनंतर करा, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत. भाराविना सहा आठवडे रिकाम्या वावराच्या दिवसांत जातात, कोरड्या अंगणात कुबडी रुतत नाही, आणि मृग येईपर्यंत पायाला चार महिने झालेले असतात. तेव्हाही निंदण नाहीच, पण टोबणी निभते. भातपट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडे, हे गणित वेगळं मांडावं लागेल. रोवणीचा चिखल जुलै-ऑगस्टात गुडघ्याला पिळून काढतो. ताईंचा एमआरआय फेब्रुवारीतच झाला होता. मधले दोन महिने कागदपत्रं, मंजुरी आणि 'पुढच्या सोमवारी या' यांत गेले.

जानेवारीत त्या दोरा परत द्यायला आल्या. मी म्हटलं राहू द्या. तेव्हा त्यांनी खरा विषय काढला. गावची दिंडी प्रकट दिनाला शेगावला पायी जाते, पाच मुक्काम. दुखणं झालं त्या वर्षी त्यांची वारी चुकली होती.

मी कॅलेंडर काढलं. दहावा महिना. एकेका दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर, तेही डांबरी रस्त्यावर. यांनी आतापर्यंत सलग चाललेलं अंतर सहा किलोमीटर. वारीला पाच आठवडे होते. दर आठवड्याला किती वाढवता येईल ते मी कागदावर मांडलं. ओढूनताणून बारापर्यंत पोचत होतं.

"दिंडीसोबत सामानाची ट्रॉली असते ना?" मी विचारलं.

"असते."

"मग एक दिवस अर्धा टप्पा पायी, एक दिवस ट्रॉलीत. आणि रोज सकाळी दोरा."

त्या थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. "म्हंजे अर्धी वारी."

"अर्धीसुद्धा नाही, पाव."

"ट्रॉलीत सासूबाई बसतेच," त्या म्हणाल्या. "तिच्याजवळ माळ असते. मी पाय हलवत जाईन."

दोरा त्यांनी पदराच्या गाठीत बांधला आणि दोनची एसटी पकडायला निघाल्या. खिडकीतून पाहिलं. पायरीशी थांबल्या आणि डावा पाय आधी टाकला.